चष्मेवालीचा सोफा

चामड्याच्या सोफ्याला वर्षातून दोनदा क्रीम पुरतं. उन्हातल्या खिडकीपाशी असेल तर फार तर तीनदा. हे मी नाही, आमचे हेच सांगतात प्रत्येक गिऱ्हाइकाला. लग्न झाल्यापासून मीही ह्यांच्याबरोबर दुकानात सोफ्यांची निगा राखायचं हेच काम करतेय. मग चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या त्या चष्मेवालीच्या सोफ्याला दर पंधरा दिवसांनी क्रीम कशाला लागतं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

"वर्दळ असते गं तिथे," हे म्हणायचे. वर्दळ दवाखान्यातही असते, पण तिथल्या खुर्च्यांकडे हे वर्षभर ढुंकून बघत नाहीत. आणि चष्मेवालीकडे जायचं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट! "अहो, चामडं पुसायला चाललात की फोटो काढून घ्यायला?" असं मी एकदा विचारलं. ह्यांचे कान लाल झाले. तेव्हापासून माझा जो जळफळाट सुरू झाला, तो काही थांबेना.

बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, तीच तर पंचाईत. भांडी घासताना मी तिला उंच करायचे, कपडे वाळत घालताना तिला लांबसडक केस द्यायचे. माझ्या डोक्यातली चष्मेवाली दिवसेंदिवस देखणी होत चालली होती आणि तिला नटवायचं काम मीच फुकटात करत होते.

गेल्या आठवड्यात ह्यांनी एक जड कोच एकट्याने उचलला आणि कंबर धरली. डॉक्टरांनी पाठीवर पडून राहायला सांगितलं. नेमका तो चष्मेवालीचा दिवस.

"मी जाऊन येते," मी म्हटलं.

"नको, राहू दे. तिथलं चामडं नाजूक आहे. तुला जमायचं नाही."

मला जमायचं नाही! ह्यांच्या निम्म्या गिऱ्हाइकांचे सोफे ह्याच हातांनी मऊ केलेत. मी क्रीम-फडक्यांची पिशवी उचलली आणि तडक निघाले.

कोपऱ्यावरचं लहानसं दुकान. भिंतीवर चष्म्यांच्या रांगा, मध्ये आरसा. गल्ल्यामागे माझ्याच वयाची, चांगली अंगाने भरलेली बाई, केसांत पेन खोचलेलं. "या, या! तुम्ही त्यांच्या मिसेस ना?" पिशवी ओळखून ती मोकळेपणाने हसली. रूप म्हणाल तर माझ्याइतकंच, किंवा माझ्याइतकंही नाही. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच पेटले. रूपावर भाळले असते तर एक वेळ समजून घेतलं असतं. इथे काहीतरी दुसरंच होतं आणि ते माझ्यात नव्हतं.

मी सोफ्यावर हात ठेवला, तर तळवा चिकटला. काढला तर पाची बोटं उमटलेली. शिवणींत क्रीम साचून पिवळं पडलेलं, हात टेकायच्या जागी चामडं काळवंडलेलं. ह्यांनी मला पहिला धडा हाच दिला होता की क्रीम बोटाच्या पेरावर मावेल एवढंच घ्यायचं. जरा जास्त घेतलं की माझं मनगट धरायचे. "पोट भरल्यावर चामडं पीत नाही," म्हणायचे. कुणा नवशिक्याने असा सोफा केला असता तर ह्यांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. चूक नव्हतीच ती. काम संपलं की निघावं लागतं, म्हणून हे लावत राहिले होते, थरावर थर.

"ताई, रागावू नका हं," बाई जवळ येऊन म्हणाली. "गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिकटतं हो हे. मी एरवी चादर टाकून ठेवते, ते यायच्या वेळी काढते. कितीदा म्हटलं, आता पुरे. ऐकतच नाहीत. भला माणूस, मन मोडवत नाही. तुम्हीच सांगा ना, येऊ नका म्हणून. मलाही दुकान असतं. ते एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत."

बोलायला? आमचे हे? घरी तर दोन वाक्यांत ह्यांचा दिवस संपतो.

"काय बोलतात?"

"काय नाही ते विचारा! लहानपणीचं, शाळेतलं. पोहायला शिकताना बुडता बुडता कसे वाचले, ते तर मला पाठ झालंय."

ह्यांना पोहता येतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

इतके महिने त्या बाईचा राग होता, ती ह्यांना ओढून घेते म्हणून. आता राग आला तो तिला हे नकोत म्हणून. ज्या गोष्टींसाठी मी आयुष्यभर कान लावून बसले, त्यांचा हिला कंटाळा आला होता!

मी पिशवी उघडली. साबणाच्या पाण्यात फडकं पिळून थर उतरवत बसले, शिवणी मऊ ब्रशने साफ केल्या. दुपार गेली, पण चामडं पुन्हा चामड्यासारखं लागायला लागलं. क्रीमची बाटली मी उघडलीच नाही.

घरी आले तर हे पडल्या पडल्या मान उंचावून दाराकडे बघत होते. दमलीस का, जेवलीस का, काही विचारलं नाही.

"बाई काही म्हणाल्या?"

'येऊ नका म्हणाल्या.' हे तीन शब्द मी वाटेत दहादा घोळवले होते, अगदी चवीने. पण ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जीभ रेटेना.

"म्हणाल्या, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. चामडं इतकं छान झालंय की आता सहा महिने बघायला नको."

दुसरं वाक्य ह्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. कंबर विसरून हे कोपरावर उठले.

"खरंच? नेमकं काय म्हणाल्या? परत सांग."

मी परत सांगितलं. हे माझ्या तोंडाकडे बघत एकेक शब्द टिपून घेत होते. इतक्या वर्षांत माझं बोलणं ह्यांनी इतकं मन लावून कधीच ऐकलं नव्हतं.