नळीचा बाक

"आवं वहिनीसाहेब, ही तर सरळ झाली!"

नाथाजींनी उकळत्या पाण्यातून साहेबांच्या तंबाखूच्या पाइपाची नळी चिमट्याने बाहेर काढली. काळ्या कडक रबराची ती डौलदार बाकाची नळी पेन्सिलीसारखी ताठ झाली होती. वर शेवाळी कळाही पसरली होती.

साहेबांची सून संयोगिता ओशाळली. "मीच म्हणाले, उकळा म्हणून. बाबांच्या तोंडात फोड आलेत, वाटलं जंतू मरतील."

"सांगितलं तुमी, पर हात माझाच व्हता न्हवं? चाळीस वर्सं गार पाणी आन् मऊ तार सोडून हिला काय लावलं न्हाई. आज बुद्धी कुटं गेली, कुणास ठावं!"

कर्नल वीरधवल साहेबांना अर्धांगवायू होऊन वर्ष उलटले होते. डॉक्टरांनी तंबाखू कायमची बंद केली. उरला तो रिकामा पाइप. तो ओठांत असला की साहेब शांत असत. नसला तर अन्नाला शिवत नसत. म्हणूनच त्यांचे पलटणीतले जुने ऑर्डर्ली नाथाजी दरमहा कुंडलहून एसटीने साताऱ्यास येत आणि नळी स्वच्छ करून जात. "पल्टण सुटली, पर साहेबाची नळी काय सुटंना," असे त्यांची पत्नी बनुबाई चिडवी. नाथाजी नुसते हसत. बर्फातल्या चौकीवर बधिर झालेले त्यांचे पाय साहेबांनी स्वतःच्या पोटाशी धरून वाचवले होते. त्याच पायांनी चालत येऊन साहेबांची सेवा करता यावी, याहून मोठे भाग्य त्यांना ठाऊक नव्हते.

नळी तळहातावर घेऊन ते खुर्चीपुढे उभे राहिले, नकळत सावधान.

"साहेब, माझ्याकडनं चूक झाली. बाक गेला हिचा."

साहेबांचा डावा गाल लोंबला होता. उजव्या डोळ्यात मात्र जुने मिश्कील तेज चमकले.

"कोर्ट... मार्शल," ते शब्द ओढत म्हणाले. "आधी... वाकव."

नाथाजींच्या जिवात जीव आला. नळी पुन्हा गरम पाण्यात मऊ केली, पोकळी दबू नये म्हणून आत तार घातली. अंगठ्यावर बाक देता देता मात्र ते थबकले. जुना बाक धडधाकट ओठांसाठी होता. आता पाइप लुळ्या बाजूला घसरे, आणि त्याच घासण्याने ते फोड आले होते. साहेबांच्या मुखाकडे पाहत त्यांनी नळी किंचित उजवीकडे वळवली, गार पाण्यात धरली आणि तेलाच्या फडक्याने पुसली.

"काका, वाकडी झाली की हो!"

"व्हय वहिनीसाहेब. आता त्येंच्या तोंडाजोगी झाली."

साहेबांनी पाइप उजव्या कोपऱ्यात धरला. तो घसरला नाही. डोळे मिटून ते कितीतरी वेळ तसेच बसले. मग पाइप त्यांनी आपण होऊन नाथाजींच्या हाती दिला आणि संयोगिताने आणलेल्या पेजेसाठी तोंड उघडले.

नाथाजींनी पहिला चमचा भरवला. त्यांच्या डाव्या मुठीतल्या नळीला साहेबांच्या ओठांची ऊब अजून होती.