खाजणाचा राजीनामा

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बळवंत पेडणेकर जयपुरातच राहिले, सोडाल्यातल्या दोन खोल्यांत. मालवणकडे खाडीकाठी त्यांचं वीस गुंठे खाजण होतं, आणि त्या चिखलाचा त्यांना भारी अभिमान. शेजाऱ्यांना ते ‘हमारा समंदर’ म्हणून सांगत. कोणी बघायला जाणार नव्हतं, हे बरंच होतं.

लहानपणी त्यांनीच तिथली कांदळं तोडून चुलीत घातली होती. आता तीच झाडं पुन्हा लावणाऱ्या जमीनमालकांना एक संस्था अनुदान देणार होती. जमीन चुलतभाऊ रंगनाथबरोबर सामाईक, म्हणून बळवंतरावांची लेखी संमती हवी होती.

“पैशे तूच घे,” ते फोनवर रंगनाथला म्हणाले. “माझा नाव तेवढा सातबाऱ्यार ऱ्हवांदे.”

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून पत्र मुलीने, मयूरीने लिहिलं. जयपुरात जन्मलेली मयूरी वकिलाकडे कामाला होती. तिथे भांडणारे दोघे राजी झाले की जो कागद होतो, त्याला राजीनामा म्हणतात. तिने ठसठशीत लिहिलं, ‘माझ्या हिश्श्याचा राजीनामा खुशीने देत आहे.’

“संमती लिवलंस मा?” काळ्या चष्म्याआडून बळवंतरावांनी विचारलं.

“हो बाबा, एकदम पक्की.”

तिने बोट ठेवलं तिथे त्यांनी सही ठोकली.

दोन महिन्यांनी संस्थेचं मानपत्र आलं. किनाऱ्यासाठी हिश्श्यावर पाणी सोडणाऱ्या दानशूर बळवंतरावांचा त्यात तोंडभरून गौरव होता. खाली बारीक अक्षरात होतं की पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत हरकत न आल्यास सातबाऱ्यावरून नाव कमी करण्यासाठी कागद पुढे जातील. पत्र पोचायलाच तेरा दिवस लागले होते. त्यात मानपत्राचं कळताच शेजारचे शर्माजी हार घेऊन आले, आणि बळवंतरावांना तो गळ्यात घालून घ्यावा लागला.

शर्माजी गेल्यावर त्यांनी मयूरीला राजीनाम्याचा मराठी अर्थ सांगितला. त्यांना रडू येत होतं, पण ओरडायचं कोणावर? ‘शाळेत मागे पडशील, घरातही हिंदीच बोल,’ असं पोरीला दटावणारे तेच होते.

“घाबरू नका बाबा,” मयूरी रडवेली होऊन म्हणाली. “मतलब, दोन दिवस आहेत. मी आत्ताच ईमेलने आपत्ती पाठवते.”

तिला हरकत म्हणायचं होतं, हे त्यांना कळलं.

“आपत्ती तू कधीच धाडलंस गो,” ते म्हणाले. त्यांनी गळ्यातला हार काढला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. “आता हरकत लिव. मी सांगतंय तसा. ह, र, क, त.”

मयूरीची मराठीची पहिली शिकवणी अशी तिच्या एकतिसाव्या वर्षी सुरू झाली.