वृंदाच्या तीस गोळ्या

सकाळी साडेसहाला सियालदहच्या फलाटावर उभ्या उभ्या मंजुषाला वाटलं, मुकाट घरी जावं आणि पांघरूण ओढून झोपावं. समोर कॅनिंगहून आलेली गाडी रिकामी होत होती. खेड्यांतल्या बायका शहरात भांडी घासायला लोंढ्यानं उतरत होत्या, आणि चर्चची ही बारा माणसं औषधांची खोकी घेऊन त्यांच्याच गावांची सेवा करायला त्याच गाडीत चढत होती. काय म्हणावं या उफराट्या कारभाराला!

तशी मंजुषा काही चर्चची नव्हे. घरी गणपती बसवणारी बाई. नवरा हेमंत बँकेत, त्याच्या बदलीपायी पाच वर्षांपूर्वी कोलकात्यात आलेली. पण नर्सिंग शिकली ती मिशनच्या दवाखान्यात, आणि पास्टर अनीश बिश्वास यांना फुकट राबणारी नर्स हवीच होती. दर हिवाळ्यात तीन-चार फेऱ्या, दर फेरीला नवं गाव. देणगीदारांच्या अहवालात गावांची यादी वाढलेली दिसली पाहिजे ना! एकदा गेलं त्या गावात पुन्हा पाऊल नाही. नुसत्या उंटावरून शेळ्या हाकायच्या.

या खेपेला मात्र ती हटून बसली होती. हेमंतची नागपूरला बदली झालेली, म्हणजे ही शेवटची फेरी. तिला गेल्या वर्षीच्याच एका गावी जायचं होतं. तिथल्या वृंदा मंडलचं ब्लडप्रेशर तेव्हा भलतंच वर होतं. मंजुषानं तिला महिनाभराच्या तीस गोळ्या दिल्या, संपल्या की सरकारी केंद्रात जा म्हणाली आणि नावेत बसली. ते केंद्र दोन नद्यांपलीकडे आहे हे मागाहून कळलं. तेव्हापासून ती बाई मनातून जाईना.

"ती धड आहे की नाही एवढं बघू द्या, अनीशबाबू," ती म्हणाली होती, "मग मी सुखानं जाईन."

पास्टर भला माणूस. देणगीदारांचं काय ते बघू म्हणाले.

गाडी, मग टोटो म्हणतात ती बॅटरीची रिक्षा, मग नाव, मग बांधावरून दोन मैल चालणं. मंजुषाचे गुडघे पार बोलायला लागले होते. वृंदा अंगणातच बसली होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला. दुर्गापूजेच्या आधी झटका आला, असं शेजारणीनं सांगितलं.

"गोळ्या घेतल्या होत्यास ना?" मंजुषानं आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत विचारलं.

"घेतली ना, दीदी. एक."

"एक? आणि बाकीच्या?"

"वाटल्या," वृंदा म्हणाली. जीभ जड झाली होती, पण चेहरा हसरा होता.

गेल्या वर्षी आधी प्रार्थना झाली होती. पास्टरनी डोक्यावर हात ठेवला, लगेच मंजुषानं ओंजळीत गोळ्या घातल्या, आणि वृंदानं त्या कपाळाला लावल्या. देवापुढून आलेली वस्तू एकटीनं कशी खायची? तिनं सगळ्या पाड्याला एकेक दिली. कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या खोकल्याला.

कपाळाला लावताना मंजुषानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ पास्टरना नसेल कळला, तिला कळायला हवा होता. जन्मभर प्रसाद घेताना ती तेच करत आली होती. उलट तेव्हा बाईची श्रद्धा बघून तिला भरून आलं होतं! मेली कसली नर्स मी, ती मनात म्हणाली. एक वाक्य बोलले असते तर हिचा हात शाबूत राहिला असता.

"आज आधी औषधं," तिनं पास्टरना बजावलं. "प्रार्थना मी नावेत बसल्यावर करा."

टोळीतल्या डॉक्टरांनी वृंदाला तपासलं. पुढच्या आठवड्यात तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं पास्टरनी कबूल केलं. तोवर पुन्हा तीस गोळ्यांची पुडी, रोज एक.

मंजुषा अर्धा तास समजावत राहिली. हा प्रसाद नाही, औषध आहे, दुसऱ्यानं खाल्लं तर बाधेल. वृंदानं मान डोलावली, जमलेल्या शेजारणींनीही डोलावली. मग मंजुषानं तिच्या डाव्या हातावर एक गोळी ठेवली. वृंदानं ती दातांनी तोडली आणि उरलेला अर्धा तुकडा पुढे केला.

"तू घे, दीदी. किती लांबून आलीस. फार दमलेली दिसतेस."

पालथ्या घड्यावर पाणी! मंजुषाचा इतका वेळ धरलेला बांध फुटला आणि ती चक्क मराठीत ओरडली, "अगं बाई, गिळ की मुकाट्यानं! मला नको, कुणाला नको! तुझी आहे ती, तुझी एकटीची!"

एक अक्षर कुणाला कळलं नाही. आवाज मात्र कळला. वृंदानं घाबरून तो तुकडा तोंडात टाकला, वर पाणी प्यायली आणि आईपुढे दाखवावं तसं रिकामं तोंड उघडून दाखवलं. मंजुषानं तिचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ती हमसून रडली.

पास्टर बांधावरून हाक मारत होते, भरतीचं पाणी ओसरायच्या आत नाव सोडायला हवी होती. अजून एकोणतीस गोळ्या उरल्या होत्या, आणि उद्या सकाळी ओरडायला ती इथे नसणार होती.