भिंतीपलीकडची साक्ष

लेकीने कोणाला धरून आणलंय ते मतदार नोंदणी कार्यालयाच्या दारात दिसताच ताडपत्रीबाईंनी पिशवी उचलली.

“चल घरी. मत गेलं खड्ड्यात.”

“आई, बस खाली,” लेक म्हणाली. “आज नोंदणीचा शेवटचा दिवस आहे. आणि दुपारी गल्लीत सापडणारे हेच एकटे.”

हे एकटे म्हणजे शेजारचे घड्याळजी. दोघांच्या घरांत एक भिंत सामाईक. अलीकडे बाईंचं ताडपत्री शिवायचं दणकट मशीन, पलीकडे घड्याळजींचं कामाचं टेबल. मशीन सुरू झालं की टेबल थरथरायचं आणि घड्याळांतले तिळाएवढे स्क्रू जमिनीवर घरंगळायचे. मग घड्याळजी भिंत ठोकायचे आणि बाई मशीन आणखी जोरात सोडायच्या. वर्षानुवर्षं दोघांत बोलणं म्हणून जे काय होतं ते एवढंच.

पडताळणीला आलेल्या माणसाने ‘इथे राहत नाहीत’ असा शेरा मारला आणि बाईंचं नाव मतदारयादीतून उडालं. घरमालक भाड्याची पावती कधी देत नसे, आणि विजेचं बिल त्याच्याच नावावर. राहण्याचा पुरावा आणायचा कुठून? एकच वाट उरली होती. कागद नसेल तर त्याच गल्लीतल्या मतदाराने स्वतः येऊन साक्ष द्यायची. नवरा गेल्यापासून घर, भाडं, लेकीचं शिक्षण, सगळं बाईंनी एकटीने ओढलं होतं, आणि आता सरकारच्या लेखी त्या कुठेच राहत नव्हत्या. याचा त्यांना संताप होता. पण या माणसाचे उपकार घ्यायचे हे त्याहून जिवावर आलं होतं.

टेबलामागच्या तरुण अधिकारीबाईंनी घड्याळजींचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं.

“काका, तुम्ही यांना ओळखता?”

“ओळखतो म्हणजे? छळ आहे माझ्या जिवाला.”

ताडपत्रीबाई छताकडे पाहू लागल्या.

“खोटी साक्ष दिली तर गुन्हा होतो, हे सांगून ठेवते. त्या खरंच तिथे राहतात?”

घड्याळजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “दूधवाला यायच्या आत यांचं मशीन सुरू होतं. दुपारी जेवणापुरतं थांबतं, तेवढ्यात मी बारीक कामं उरकतो. लेकीची परीक्षा असली की संध्याकाळी बंद. तेवढे दिवस माझा धंदा बरा होतो.”

लेकीला हसू आलं. ते तिने ओढणीत दाबलं.

“आणि यांचे यजमान गेले तेव्हा बरेच दिवस मशीन वाजलंच नाही.” घड्याळजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “टेबल एकदम शांत. स्क्रू जागचा हलेना. पण माझ्या हातून एकही घड्याळ दुरुस्त झालं नाही.”

बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“मग आमच्या माणसाला या घरी कशा सापडल्या नाहीत?” अधिकारीबाईंनी विचारलं.

“घरीच होत्या. तो दार वाजवत होता, पण मशीनपुढे यांना काय ऐकू येणार? म्हणून मी भिंत ठोकली. यांना वाटलं, नेहमीचंच.”

“बरं, मग?”

“मग काय, यांनी मशीन आणखी जोरात सोडलं. मी चपला घालून बाहेर येईपर्यंत तो गेला होता.”

अधिकारीबाईंनी तोंडावर रुमाल धरला आणि सहीची जागा नुसत्या बोटाने दाखवली.

“मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल,” बाई घड्याळजींना म्हणाल्या. समोरासमोर बोलायची ही पहिलीच वेळ. “की इथे कोणी राहत नाही.”

“तसं सांगून पुढे भांडू कोणाशी?” घड्याळजींनी सही ठोकली.

जिना उतरताना बाईंनी विचारलं, “मत कोणाला देणार?”

“तुम्ही देणार नाही त्याला.”

“म्हणजे दोघांचीही फुकट.”

“फुकट तर फुकट. पण तुमचं असल्याशिवाय माझ्या मताला मजा नाही.”

काही दिवसांनी, मशीन ऐन जोरात असताना भिंत ठोकली गेली. बाईंचा पाय सवयीने पायपट्टी दाबायला गेला आणि तिथेच थांबला. त्या उठल्या, दार उघडलं. बाहेर घामाघूम टपालवाला.

“कधीचा वाजवतोय. या नावाच्या बाई इथे राहतात का?”

बाई तोंड उघडणार तोच शेजारच्या खिडकीतून आवाज आला, “राहतात का म्हणजे? मला विचारा.”

बाईंनी सही करून पाकीट घेतलं. आत ओळखपत्र होतं. त्यावर त्यांचं नाव, त्यांचा रागीट फोटो, आणि खाली घराचा पत्ता. तो त्यांनी मोठ्याने वाचला, मग पुन्हा एकदा, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा. ओळखपत्र मशीनच्या डोक्यावर, टाके घालताना समोर दिसेल असं टेकवलं, ताठ बसल्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मशीन सोडलं.

पलीकडे स्क्रू नक्कीच उडाले असतील. पण त्या दिवशी भिंत काही ठोकली गेली नाही.