‘यूज्ड टू’मधून निघालेला खंडू

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण घाटकोपरच्या भाऊंकडे एक अख्खा माणूस राहायला आला तो इंग्रजी क्रियापदातून. ना ट्रंक, ना वळकटी.

बायको गेल्यापासून भाऊ एकटेच. टोरँटोची लेक पद्मजा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तेच दळण दळायची. "बाबा, बदलापूरचा वृद्धाश्रम खरंच छान आहे हो. फ्लॅट बंद करा आणि जा ना!" नाही म्हणून म्हणून भाऊंची जीभ झिजली. घर तर सोडायचं नव्हतं, आणि भांडायला दम नव्हता. शेवटी त्यांनी नातवालाच वकील करायचं ठरवलं. मिहिरचं मराठी मोडकंतोडकं, म्हणून भाऊ त्याच्याशी इंग्रजी झाडत.

"टेल युवर मदर, आय यूज्ड टू लिव्ह अलोन!"

एकटं राहायची मला सवय आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मिहिर तिकडे ओरडला, "आई, आजोबा पूर्वी एकटे राहायचे! आता नाही!"

"अगंबाई! मग आता सोबतीला कोण आहे?" पद्मजाचा चेहरा असा काही उजळला, की चूक सुधारायचं भाऊंच्या जिवावर आलं.

"खंडू," ते म्हणाले. "गावाकडचा. स्वयंपाकही करतो."

वृद्धाश्रम बंद झाला, खंडू सुरू झाला. भाऊंनी त्याला संधिवात दिला, त्याच्याकडून वडे तळून घेतले, जुहूला हवा खायला नेलं, दिंडोशीच्या कोर्टात साक्षीला उभं केलं. पण नसलेल्या माणसाची उठबस फार जड. गेल्या रविवारी त्याला कुठे पाठवलं होतं, हे आठवता आठवताच म्हातारा थकून जाई.

"आजोबा, खंडूकाका दाखवा ना."

"बाथरूममध्ये आहे रे."

"नेहमी बाथरूममध्येच?"

भाऊ वैतागले. "अरे बाबा, ही यूज्ड टू टेक लाँग बाथ!"

मिहिर खिदळला. "आई, खंडूकाका पूर्वी अंघोळ करायचा! आता करतच नाही!"

पद्मजाही हसली. हसता हसता थांबली. मराठी शाळेतच शिकलेली ती, याच शब्दांत कधीकाळी तीही अडकली होती.

"बाबा, त्याला सवय आहे, असं म्हणायचंय ना तुम्हाला? मग त्या दिवशीही... एकटं राहायची सवय आहे, असंच ना? खोटं बोलताय तुम्ही. खंडूबिंडू कुणी नाहीच्चे!"