उचल म्हणेपर्यंत

मध्यरेषेपासून कोपऱ्याच्या काठीपर्यंत पन्नासेक मीटर. ठकूचं राज्य एवढंच. फुटबॉलच्या सामन्यात नव्वद मिनिटं झेंडा घेऊन मैदानाच्या पांढऱ्या रेघेच्या कडेने पळायचं, शेवटच्या बचावपटूच्या अगदी सरळ रेषेत राहायचं आणि काही झालं तरी मागे वळून पाहायचं नाही. आणि ठकूच्या मागे, दोरीपलीकडे, तिचे बाबा पळत होते.

पळत म्हणजे आपले भरभर चालत. सत्तरी ओलांडलेले गुडघे ते, किती पळणार? पण ती डावीकडे गेली की ते डावीकडे, ती थांबली की ते थांबत. चपलांची फटफट तिला स्पष्ट ऐकू यायची. शिवाय तोंडाचा पट्टा चालूच.

"पुढे गेलीस. मागे ये. हां. आता बघ, आता बघ... उचल!"

बाबांनी स्वतः तीस वर्षं लाइनवर झेंडा धरला होता. घरातल्या बोळात खडूची रेघ मारून, अख्ख्या घराच्या चपला खेळाडू म्हणून मांडून त्यांनी ठकूला ऑफसाइड शिकवला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. काठीला फडकं बांधून ती उभी राहायची आणि ते म्हणायचे, "दिसलं की उचल." पाहुण्यांना आपल्या चपला बोळभर शोधाव्या लागत. आई कपाळाला हात लावायची.

बाबांच्या काळात असं दिसताक्षणी झेंडा उचलणं खपून जायचं. आता काम बदललं होतं. पास मारला त्या क्षणी एखादा खेळाडू बचावपटूच्या पुढे असला, तर ते मनात टिपून ठेवायचं. पण पुढे उभं राहणं हा गुन्हा नाही. बॉल कोण घेतो ते झेंडा खाली ठेवून पाहायचं. त्या पुढच्या खेळाडूनेच घेतला तर उचलायचा, मागून आलेल्या दुसऱ्याने घेतला तर खेळ चालू. मधे जातात दोन सेकंद. हे दोन सेकंदच ठकूच्या जिवावर यायचे, कारण तेवढ्यात मागून "उचल" आलेलं असायचं आणि हात आपसूक वर गेलेला असायचा.

मोठ्या सामन्यांना पंच पुरवणाऱ्या वरच्या पॅनेलच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा शेरा एकच: झेंडा घाईने. आजचा सामना म्हणजे तिसरी परीक्षा, आणि शेवटची. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. इतरांना त्या पॅनेलचा कोट हवा असतो, पेपरात नाव हवं असतं. ठकूला तिथली जाळी हवी होती. मोठ्या मैदानावर रेघेपासून प्रेक्षक वीस पावलं लांब असतात, आणि मधे दोन पुरुष उंच तारेची जाळी असते. आपल्याला नेमकं हेच हवंय याची तिला लाज वाटायची, पण हवं होतं.

विसाव्या मिनिटाला लाल संघाने लांब पास मारला. त्यांचा नऊ नंबर हातभर पुढे होता.

"उचल!"

झेंडा वर. रेफ्रीची शिट्टी. आणि तेव्हा ठकूला दिसलं, की नऊ नंबर जागचा हललाच नव्हता. मागून, अगदी नियमात धावत आलेला सात नंबर बॉलपाशी पोचला होता आणि आता तिच्याकडे पाहत दोन्ही हात पसरून उभा होता. घडीच्या खुर्चीवर बसलेल्या परीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते ठकूला पाठ होतं.

मध्यंतरात ती दोरीपाशी गेली.

"बाबा, तुम्ही तिकडे फाटकाजवळ बसा."

"तिथून लाइन दिसत नाही गं."

"म्हणूनच बसा."

बाबांनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. तिला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

दुसऱ्या अर्ध्यात मागे फटफट आहे की नाही, तिला कळेना. लोक ओरडत होते, आणि वळून पाहणं शक्य नव्हतं. रुसून गप्प उभे असतील, असं ती धरून चालली. आपल्या पाठीवर कोणाची तरी नजर आहे, असं तिला सारखं वाटत राहिलं.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तेच पुन्हा घडलं, फक्त आता संघ निळा होता. लांब पास, नऊ नंबर स्पष्ट पुढे. ठकूने तो पाहिला, मनात टिपला, आणि झेंड्याच्या दांड्यावर बोटं आवळली. हात उठला नाही. ती थांबली होती. आपण कसली वाट पाहतोय, हे तिला त्याच क्षणी समजलं. ती "उचल" ऐकायला थांबली होती. डावा कान टवकारून, भर मैदानात, चौतिसाव्या वर्षी.

आवाज आला नाही. नऊ नंबर बाजूला झाला, मागून अकरा नंबर आला आणि त्याने बॉल जाळ्यात मारला. ठकू झेंडा खाली धरून मध्यरेषेकडे पळाली. गोल.

सामना संपल्यावर परीक्षक बाई स्वतः उठून तिच्याकडे आल्या.

"गेल्या दोन वर्षांत तुमच्यात हेच दिसत नव्हतं. थांबलात तुम्ही. त्या वेळी डोक्यात काय होतं?"

"बॉलला पाय कोण लावतो, ते पाहत होते," ठकू म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. ठकूची निवड झाली होती; पुढच्या रविवारी मोठ्या मैदानावर हजर राहायचं होतं.

बाबा फाटकाजवळच्या बाकावर तिची बॅग मांडीवर घेऊन बसले होते. मध्यंतरापासून तिथेच होते.

"तो शेवटचा," त्यांनी विचारलं, "ऑफसाइड होता का? इथून काही कळलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ते तिला विचारत होते.

"नव्हता. मागचा आला."

"आणि तू थांबलीस." त्यांचा चेहरा उजळला. "बघ, मी मागे नव्हतो तर जमलं तुला. उगाच इतकी वर्षं तुझ्या डोक्यावर बसलो मी. आता मोकळी झालीस."

ठकूने बॅग खांद्याला लावली. त्यांना खरं सांगायला तिचं तोंड उघडेना. ती नुसतं "हो" म्हणाली आणि त्यांना उठायला हात दिला. रविवारी मागे जाळी असेल, आणि तिच्यापलीकडून कोणीही काही सांगणार नाही. पास सुटेल, पुढचाच खेळाडू बॉलला पाय लावेल, आणि ती झेंडा खाली धरून ऐकत उभी असेल.