क्याई सुमिलिर यांची परवानगी

तोगारने क्याई सुमिलिर यांच्या नावापुढचा 'मृत्यू' हा रकाना तिसऱ्यांदा उघडला आणि तिसऱ्यांदा रिकामाच बंद केला.

"बाई, हा माणूस मरायला तयार नाही," तो वैतागून म्हणाला.

वुर्यानीबाई रजेवरून आजच जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या संगीत-ग्रंथालयात परतल्या होत्या. चष्मा वर सरकवून त्यांनी संगणकाकडे पाहिलं. एक्केचाळीस ध्वनिफिती, सगळ्या एकाच कलाकाराच्या नावावर. जन्म १९१२. फोटो नाही, पत्ता नाही. नियम असा की कलाकार वारला असेल तर साल हवं, हयात असेल तर त्याची सही. दोन्ही नसेल तर फितीला कुलूप.

खिडकीजवळच्या बाकावर सुतिनाहआजी बसल्या होत्या. बोयोलालीहून बसने आलेल्या, ही तिसरी खेप. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तो या क्याईंकडे ढोल वाजवायचा. एकाहत्तर सालची फीत एकदा ऐकवा, एवढंच त्यांचं मागणं.

तोगारने तिकडे वळून विचारलं, "आजी, तुम्ही क्याईंना ओळखत होता?"

"म्हणजे काय! चिंच लावून घासायचे मी त्यांना. दर महिन्याला."

तोगारचं तोंड उघडंच राहिलं. वुर्यानीबाईंना हसू आवरेना.

"अरे समुद्रापलीकडच्या मेदानच्या शहाण्या! क्याई म्हणजे काशाच्या वाद्यांचा अख्खा संच. आम्ही जावातले लोक त्याला नाव देतो, मान देतो. तू तर त्याला गवई करून टाकलास!"

"मी तीन आठवडे त्यांची कबर शोधतोय," तोगार पुटपुटला.

क्याई गेले वाद्यांच्या यादीत. पण मग 'कलाकार' हा रकाना कोरा पडला, कारण फितीच्या डबीवर एकाही माणसाचं नाव नव्हतं. कुलूप तसंच.

"म्हणजे परत जाऊ मी?" आजींचा आवाज चढला. "माणसांपेक्षा तुमचं कुलूप मोठं!"

"परत कशाला? तुम्ही ऐकायला नाही, आमच्या मदतीला बसताय," वुर्यानीबाई म्हणाल्या. "कोण काय वाजवतंय, तेवढं सांगा."

फीत सुरू झाली. आजी कानानेच माणसं ओळखू लागल्या. हा जड हाताचा कार्तो. हा दार्मो, ह्याला गाँगपाशीच डुलकी यायची, बघा, केलाच उशीर. सगळे कधीच गेलेले. एकेकाचं साल आजींना पाठ. तोगार भराभर लिहून घेत होता.

"आणि ढोलावर तुमचे यजमान, ना?"

आजींची बोटं टेबलावर पडत होती, आणि दर वेळी ढोलाच्या किंचित आधी. तोगारचे हात थांबले.

"यांना त्या दिवशी ताप होता," अखेर त्या म्हणाल्या. "फीत करणारे शहरातून येऊन बसलेले. मग मला बसवलं ढोलावर. आणि हे माझ्या पाठीमागे, चादर पांघरून."

तेवढ्यात फितीत कुणीतरी खोकलं. दोनदा.

"ऐकलंत? माझा हात पळायला लागला की खोकायचे. सावरलं की नाही मी लगेच?" आजी हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "परत लाव रे बाळा, तेवढंच."

तोगारने परत लावलं. त्याच्या वहीत त्या जागेपुढे, आधी फीत तपासताना, त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'व्यत्यय, खोकला. काढून टाकणे.' त्याने ते गिचमिड खोडलं.

वुर्यानीबाईंनी परवानगीचा कागद पुढे सरकवला. "कलाकार हयात आहेत. सही करा आजी, कुलूप निघालं."

आजींनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही. "यांचं नाव नाही येणार मग?"

तोगारने 'ढोल'पुढे सुतिनाह लिहिलं. खाली नवी ओळ घेऊन यजमानांचं नाव विचारलं, सास्त्रो असं लिहिलं, सालही लिहिलं. 'वाद्य' या रकान्यापाशी मात्र तो अडला. त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

त्याने लिहिलं: खोकला.